मैदानावरून न्यूयॉर्कला

विसाव्या फॉर्मवरही चौकटीत बरोबरची खूण होती. मी चष्मा पुसून पुन्हा पाहिलं आणि मागचे फॉर्म चाळायला घेतले.

हॉलंडमध्ये फॉर्मवर कोणी बरोबरची खूण करत नाही. इथे चौकटीत फुली मारतात. फुली म्हणजे 'हे माझं उत्तर'. आपल्या शाळेत फुली म्हणजे चूक, आणि मास्तरांच्या लाल शाईच्या फुल्या ज्याने लहानपणी सोसल्या त्याचा हात जन्मभर तिकडे वळत नाही. मी अठ्ठावीस वर्षं या देशात आहे, सर्व्हेचे फॉर्म तयार करण्यात माझं आयुष्य गेलं, तरी बँकेत फुली मारताना मला अजून नापास झाल्यासारखं वाटतं. या वीसही फॉर्मांवर सातचा आकडा मधल्या आडव्या रेघेशिवाय काढला होता. इथले लोक ती रेघ विसरत नाहीत. आणि 'न्यूयॉर्कचं विमान सुरू झाल्यास वर्षातून किती वेळा जाल?' या प्रश्नापुढे सगळ्यांनी एकच आकडा लिहिला होता. सहा.

दुपारपर्यंत खुणांचे चौतीस फॉर्म निघाले. तेहेतिसांवर सहा होते. चौतिसावा वेगळा होता, त्याच्याकडे मी नंतर येतो.

काम काय होतं ते आधी सांगतो. आर्नहेममधल्या आमच्या ऑफिसपासून वीस मिनिटांवर एक लहानसा विमानतळ आहे. एक धावपट्टी, एक बसकी इमारत, उन्हाळ्यात स्पेनला जाणारी चार विमानं. आसपासचे लोक त्याला नुसतं 'मैदान' म्हणतात. २००७चा तो वसंत. अमेरिका आणि युरोप यांच्यात विमानवाहतुकीचा नवा करार होत होता, ब्रिटनमधल्या लहान लहान शहरांतून न्यूयॉर्कला रोज एक अरुंद विमान जायलाही लागलं होतं. मैदानाच्या मालकांना वाटलं, मग आपणच काय घोडं मारलंय? इथून न्यूयॉर्कला विमान सोडलं तर ते भरेल का, हे आमच्या ऑफिसने शोधून द्यायचं होतं. ऑफिसने म्हणजे मी. डेल्फ्टला याच विषयात पीएचडी केली तेव्हापासून माणसं कुठून कुठे आणि का जातात ते मोजणं, एवढं एकच काम मला येतं.

वर्षाला नव्वद हजार प्रवासी मिळणार असतील तर धावपट्टी चारशे मीटर वाढणार होती, आणि तिच्या टोकाची अकरा घरं उठणार होती. चार हजार घरांना पोस्टाने फॉर्म गेले. शिवाय मालकांच्या हट्टामुळे लायब्ररीत एक गठ्ठा ठेवला, ज्याला हवा त्याने उचलावा. मी विरोध केला होता. पण मालक ते, त्यांच्यापुढे माझं काय चालणार. आमच्या धंद्यात एक फॉर्म तीनशे माणसांच्या वतीने बोलतो असं धरतात. ते चौतीस फॉर्म बाजूला ठेवले तर उत्तर येत होतं सदतीस हजार. धरले तर सत्याण्णव हजार.

चौतिसाव्या फॉर्मवरचं अक्षर कुमुदचं होतं. कुमुदिनी, माझी बायको.

'गेल्या वर्षी किती वेळा विमानाने गेलात?' शून्य. 'मैदानावरून विमान सुरू झाल्यास किती वेळा जाल?' एक. 'न झाल्यास काय कराल?' या प्रश्नाखाली मीच चार पर्याय दिले होते: स्खिपोलच्या मोठ्या विमानतळावरून जाईन, जर्मनीतून जाईन, दुसऱ्या मार्गाने जाईन, जाणार नाही. 'जाणार नाही'च्या चौकटीत बारीकशी बरोबरची खूण. आणि सगळ्यात खाली, 'इतर काही सांगायचे असल्यास' या ओळीवर, तिने स्वच्छ डचमध्ये लिहिलं होतं: तिथे दारातूनच विमान दिसतं.

तो कागद हातात धरून मी किती वेळ बसलो ते मला सांगता येणार नाही. मोजलं नाही.

चार वर्षांपूर्वी आम्ही तिच्या भाच्याच्या लग्नाला पुण्याला निघालो होतो. स्खिपोलच्या त्या न संपणाऱ्या बोळांमध्ये, सरकत्या पट्ट्यांच्या मध्येच कुठेतरी, कुमुद खाली बसली. तिला श्वास घेता येईना. माणसं दोन्ही बाजूंनी बॅगा ओढत जात होती आणि ती माझी पँट मुठीत धरून फरशीवर बसली होती. हृदय असेल म्हणून अँब्युलन्स आली. हृदय ठणठणीत होतं. आमच्या हाउसआर्ट्सने, म्हणजे नेहमीच्या डॉक्टरने, हा भीतीचा आजार आहे म्हणून सांगितलं आणि एका मानसोपचारवाल्या बाईंकडे पाठवलं. कुमुद तीनदा गेली. "या लोकांच्या भाषेत मला भाजी आणता येते, शेजारणीशी भांडता येतं," ती म्हणाली, "पण भीती सांगता येत नाही हो." चौथ्यांदा ती गेली नाही. लग्न आमच्याशिवाय झालं, मग तिकडे तिचा थोरला भाऊ वारला, तेव्हाही ती गेली नाही. लोकांना आम्ही गुडघे सांगितले. गुडघ्यांबद्दल कोणी खोलात जाऊन विचारत नाही.

आमची मुलगी ऋता न्यू जर्सीत असते. ऑक्टोबरात तिला मुलगी झाली, श्रुती. ऋता आणि जावई यशोधन यांच्या ग्रीन कार्डाचं प्रकरण मधेच अडकलेलं, देशाबाहेर पडलात तर परत शिरता येईल याची वकील खात्री देईना. म्हणजे जायचं तर आम्हीच. कुमुदने बाळंतविडा शिवून ठेवला होता: दुपटी, झबली, टोपडी आणि लाल काठाची कुंची. पार्सल करूया म्हटलं तर मलाच बोलली, "आजीचा बाळंतविडा काय पोस्टमन घालणार तिला?" जानेवारीपर्यंत ती कुंची लहान झाली असेल म्हणून तिने दुसरी शिवली. एप्रिलमध्ये तिसरी कापायला घेतली. माप रविवारी, कॉम्प्युटरच्या पडद्यावरून. इकडे ही हातात टेप धरून बसायची आणि तिकडे ऋताला सांगायची, "कानावरून नको, कपाळावरून घे."

आदल्या सप्टेंबरात मैदानावर लोकांनी येऊन पाहून जावं म्हणून एक दिवस ठेवला होता. मी सहज कुमुदला नेलं. दारातून आत शिरलं की समोर मोठी काच, आणि काचेपलीकडे, हाक मारली तर ऐकू जाईल इतक्या अंतरावर, एक विमान उभं होतं. कुमुद दारात थांबली. मग चालत काचेपर्यंत गेली, हात टेकवला, परत आली. "इथून मी गेले असते," म्हणाली. मला आनंद झाला, आणि दुसऱ्याच क्षणी वाटलं, या विमानाचा हिशोब तर मलाच करायचा आहे. न्यूयॉर्कचं ते काम आमच्या ऑफिसला मिळणार हे आठच दिवसांपूर्वी मला कळलं होतं.

ऑफिसातून निघालो तो सायकल थेट शामलाच्या घरापुढे थांबवली. शामला आमच्या मराठी मंडळाची सेक्रेटरी. पस्तिशीची, नवरा इथल्या एका वीज कंपनीत. लायब्ररीतून एखादी गोष्ट गठ्ठ्याने उचलून आणील असं आमच्यात दुसरं कोणी नाही.

"काका, या ना. आधणच ठेवतेय."

"चहा राहू दे. ते फॉर्म तू वाटलेस ना?"

"हो, गुढीपाडव्याच्या प्रोग्रॅमला. सगळ्यांनी भरले, एकानेही नाही म्हटलं नाही. कमी पडले का? आइंडहोव्हनचे लोकपण रेडी आहेत, अजून पन्नास सहज होतील."

"आणि सहा कोणी सांगितलं?"

"मीच. एकदा-दोनदा लिहिलं तर कोण सीरियसली घेतं? आमच्या गावाला एक्स्प्रेसचा थांबा हवा होता तेव्हा बाबांनी दोन हजार सह्या गोळा केल्या होत्या. त्यात काही वारलेलेपण होते. पण थांबा मिळाला की."

"अगं, हे निवेदन नाही. हा सर्व्हे आहे. खरोखर किती जाणार ते मोजतात यात."

"पण मोजतात ते विमान द्यायचं की नाही हे ठरवायलाच ना?"

अठ्ठावीस वर्षांत हा प्रश्न मला कोणी इतका सरळ विचारला नव्हता.

शामलाने गॅस बंद केला. "काका, काकूंनी मला सांगितलंय. गुडघ्यांचं नाही ते." ती ओट्याकडे बघत बोलत होती. "मी कोणालाच काही सांगितलं नाही. फक्त म्हटलं, दाबके काकूंना नातीला भेटायला जायचंय, त्यांना जवळचं विमान हवंय. एवढ्यावर लोकांनी भरले. काकूंनाही म्हटलं, तुम्हीपण सहा लिहा. तर म्हणाल्या, माझं मी लिहीन."

चहा न घेताच मी निघालो. तिच्यावर रागवायला आलो होतो, ते जमलं नाही. घरापर्यंत सायकल हातात धरून चालत गेलो.

कुमुद जेवणाच्या टेबलावर कापड पसरून खडूने रेघा मारत होती. "आज उशीर?" एवढंच तिने विचारलं. मी म्हटलं, फॉर्म जास्त होते. तिने कापड आवरून पानं घेतली. त्या संध्याकाळी आमटी-भात कालवताना माझ्या मनात काय चाललं होतं ते सांगायलाच हवं, नाहीतर पुढचं सगळं मी फार सोवळेपणाने केलं असं वाटेल.

मी गप्प बसलो असतो तर कोणाला कळलं नसतं. त्या खुणा फक्त मलाच वाचता येत होत्या. धावपट्टी वाढली असती, विमान सुरू झालं असतं, एका उन्हाळ्यात अर्धं रिकामं उडून पुढच्या वर्षी बंद पडलं असतं. अशी कितीतरी बंद पडतात, त्यासाठी कोणी जुने कागद उकरत बसत नाही. आणि आम्हाला एकच उन्हाळा पुरे होता. तिने एकच लिहिलं होतं.

पण मला धावपट्टीच्या टोकाच्या पहिल्या घरातली विधवा बाई आठवत होती. फॉर्म नीट समजतात का ते पाहायला मी काही घरी स्वतः गेलो होतो. तिने मला कॉफी दिली, डबा उघडून एक बिस्कीट दिलं आणि डबा बंद केला. इथली रीतच ती, त्यात कंजूषपणा नाही. मग पेन हातात घेऊन तिने विचारलं, "मी शून्य लिहिलं तर माझं घर राहायला मदत होईल का?" मी म्हटलं, जे खरं असेल ते लिहा. तिने थोडा विचार केला आणि दोन लिहिलं. तिची बहीण न्यूयॉर्कजवळ राहत होती.

तिला मी खरं लिहायला सांगितलं होतं आणि तिने लिहिलं होतं. आता मी काय करणार होतो?

दुसऱ्या दिवशी सकाळी वाउटर माझ्या टेबलापाशी आला. माझ्यापेक्षा वीस वर्षांनी लहान, आणि माझा साहेब. त्याने पडद्यावरचा आकडा पाहिला होता.

"सत्याण्णव हजार! मोहन, दुपारी केक माझ्याकडून."

"केक आणू नकोस. चौतीस फॉर्म काढायचे आहेत."

"का?"

"माझ्या लोकांनी भरलेत. मनापासून भरलेत, पण खोटे आहेत."

मी त्याला खुणा दाखवल्या, आडव्या रेघेशिवायचे सात दाखवले. त्याने दोन फॉर्म शेजारी शेजारी धरून पाहिले. "तू सांगितलं नसतंस तर मला दिसलं नसतं," तो म्हणाला.

"माहीत आहे."

मग त्याने शेवटचा फॉर्म उचलला. "हा का काढतोस? यात एकच लिहिलंय. हा खरा वाटतो."

"खराच आहे. माझ्या बायकोचा आहे."

सर्व्हे करणाऱ्याच्या घरातला फॉर्म धरत नाहीत. हा नियम या ऑफिसात मीच घातला होता. वाउटरने कागद परत टेबलावर ठेवला. "एका फॉर्मने काही फरक पडत नाही. राहू दे," तो म्हणाला, आणि चांगुलपणाने म्हणाला. पण मी तो बाकीच्यांबरोबर पाकिटात घातला, पाकिटावर तारीख घातली आणि कपाटात ठेवलं. चौतिसांत एकच खरा होता आणि तोही मीच काढला. त्या क्षणी मला माझ्या कामाचा राग आला, नियमाचा आला, आणि सगळ्यात जास्त माझा.

घरी गेलो तेव्हा अजून लख्ख ऊन होतं. कुमुद कुंची कापत होती. मी समोर बसलो आणि सांगून टाकलं.

"कुमुद, मैदानावरून विमान होणार नाही."

कात्री चालत राहिली. "किती कमी पडले?"

"त्रेपन्न हजार."

"शामलाच्या लोकांचे धरूनही?"

"ते धरले असते तर झालं असतं."

आता कात्री थांबली. ती माझ्याकडे बघत होती, आणि मला तिच्याकडे बघवत नव्हतं.

"आणि माझा?"

"तोही काढला. घरातल्यांचा चालत नाही."

"अहो, माझा खरा होता."

"मला माहीत आहे."

तिने कापड गोळा केलं. घडी करून नाही, नुसतंच गोळा करून खोलीत घेऊन गेली. दोन दिवस ती माझ्याशी कामापुरतं बोलली. जेवायला वाढलंय, गरम पाणी येत नाहीये, ऋताचा फोन आहे. मी काही समजावायला गेलो नाही. समजावण्यासारखं माझ्याजवळ काही नव्हतंच. लग्नाला तीस वर्षं झाली होती, पण तिची गप्प पाठ मला इतकी कधी लागली नव्हती.

तिसऱ्या दिवशी सकाळी चहाचा कप माझ्यापुढे ठेवत तिने विचारलं, "तुमच्या त्या फॉर्मवर, विमान नाही झालं तर काय कराल, त्यात पहिला पर्याय कुठला होता?"

"स्खिपोलहून जाईन."

"हं," ती म्हणाली. मग थोड्या वेळाने, कप विसळताना, माझ्याकडे पाठ करूनच: "रविवारी गाडी कितीची असते? न बदलता जाणारी?"

रविवारी आम्ही गेलो. तिने चांगली साडी नेसली होती, वर कोट, पर्समध्ये डबा. गाडीत ती खिडकीतून गायी बघत होती. स्खिपोलचं स्टेशन जमिनीखाली आहे. आम्ही उतरलो, आणि फलाटावर ती थांबली. दोन गाड्या आल्या, गेल्या. माणसं आम्हाला वळसा घालून जात होती. "चला," ती म्हणाली, आणि माझ्या कोटाची बाही घट्ट धरली.

सरकत्या जिन्याने वर आलो. ते भलंमोठं दालन, लाल-पांढऱ्या चौकटींचा तो ठोकळा जिथे लोक एकमेकांना भेटतात, बॅगांचा खडखडाट, भोंग्यावर चार भाषा. कुमुदचा श्वास मला ऐकू येत होता. तिच्या कपाळावर घाम होता. मी म्हटलं, परत जाऊया का? तिने मान हलवली. समोर सुटणाऱ्या विमानांचा फलक होता आणि ती त्यात काहीतरी शोधत होती.

"ते बघा. वरून नववं."

न्यूयॉर्क. एक-चाळीस.

"इथून विमान दिसत नाही," ती म्हणाली.

"नाही."

"पण असेल ना तिकडे?"

"आहे."

आम्ही तिथेच उभे राहिलो. वरचं विमान गेलं की सगळ्या ओळी एकेक घर वर सरकत. न्यूयॉर्क आठवं झालं, सातवं झालं. माझ्या बाहीवरची तिची पकड एकदा इतकी आवळली की मला वाटलं आता ती खाली बसणार. ती बसली नाही. ओठ हलत होते, बहुधा रामरक्षा. न्यूयॉर्क चौथं, तिसरं, मग पहिलं. शेजारी फाटक बंद झाल्याची अक्षरं लागली. मग ती ओळ दिसेनाशी झाली आणि तिच्या जागी व्हिएन्ना आलं.

"गेलं," कुमुद म्हणाली, आणि बाही सोडली.

बाकावर बसून तिने डबा उघडला. थालीपीठ होतं, लोणी वेगळ्या डबीत. तिने मला मोठा तुकडा दिला.

परतीच्या गाडीत ती बराच वेळ डोळे मिटून होती. मला वाटलं झोपली. मग तिने पर्समधून टेप काढला आणि तो बोटाभोवती गुंडाळत, सोडत, परत गुंडाळत राहिली.

"पुढच्या रविवारी त्या पासपोर्टच्या रांगेपर्यंत जाऊ," ती म्हणाली. "आत नको. नुसतं तिथपर्यंत."

"जाऊ."

"आणि ती तिसरी कुंची मी पुरी करत नाही. आता कुंची नकोच." तिने टेपावर बोट ठेवून एक आकडा पाहिला. "परकर-पोलकं बेतते. दोन वर्षांच्या मापाचं."

तिकीट तपासनीस आला. मी खिशातून दोघांची परतीची तिकिटं काढून त्याच्यापुढे धरली.